तांबडी रेघ आणि बाळाची त्वचा

इंदूर शहरात दारोदार फिरणाऱ्या कचरागाडीला सहा कप्पे असतात. ओला कचरा, सुका कचरा, प्लास्टिक, ई-कचरा, घरगुती घातक कचरा आणि वापरलेले डायपर व सॅनिटरी पॅड यांचा वेगळा कप्पा. २०१७पासून देशातील स्वच्छ शहरांच्या यादीत सातत्याने अग्रस्थानी राहिलेल्या या शहराने बाळाचा मळलेला डायपर कुठे जावा, याचा निकाल केव्हाच लावून टाकला आहे. आपल्याकडेही कचऱ्याचा विषय निघाला की इंदूरचे नाव निघतेच.

याच इंदुरात आरएनटी मार्गावर दवा बाजार आहे. मध्य प्रदेशातील औषधांची ही मोठी घाऊक पेठ. माळव्यातील लहानमोठ्या ‘मेडिकल’वर जाणारा बराच माल येथून सुटतो. बाळाच्या डायपरखाली उठलेल्या लाल चट्ट्यावर लावायची मलमेही त्यातच असतात. निव्वळ झिंक ऑक्साइडची निरुपद्रवी नळी आणि स्टेरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक यांचे मिश्रण असलेली नळी, या दोन्ही एकाच घाऊक बाजारातून एकाच दुकानात येतात, एकाच फळीवर मांडल्या जातात आणि ‘बाळाला रॅश आलाय, काहीतरी द्या’ या एकाच वाक्यावर विकल्या जातात. डायपर फेकताना जो विवेक इंदूरने अंगी बाणवला, तो डायपरखाली लावायच्या वस्तूच्या विक्रीत ना इंदुरात दिसतो, ना पणजीत, ना मुंबईत.

मध्य प्रदेशात या प्रश्नाला एक ताजी जखम आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया परिसरात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालकांचे प्राण घेतले. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार झाले. तमिळनाडूत कांचीपुरम जिल्ह्यात तयार झालेल्या त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के निघाले. तो प्रकार भेसळीचा होता आणि ते औषध अनेक बालकांना डॉक्टरांनीच लिहून दिले होते, हे विसरता येणार नाही. मलमाचा प्रश्न वेगळा आहे. येथे भेसळ नसते. नळीत जे असायला हवे तेच असते आणि वेष्टनावर ते छापलेलेही असते. धोका असतो तो चुकीची नळी चुकीच्या जागी, चुकीच्या मुदतीपर्यंत लावण्याचा. अशा चुकीने कोणी एका दिवसात दगावत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही. बाळाचे गाल हळूहळू गुबगुबीत होत जातात आणि घरातले म्हणतात, बाळाने छान बाळसे धरले.

हा गुबगुबीतपणा कुठून येतो, हे कळण्यासाठी आधी चट्टा का येतो ते पाहावे लागेल. लंगोट असो वा डायपर, त्याखालची त्वचा तासन्‌तास ओलसर राहते. ओल्या त्वचेला घर्षण सोसत नाही. लघवीतल्या युरियाचे विघटन शौचातले जीवाणू करतात, त्यातून अमोनिया सुटतो आणि त्वचेची स्वाभाविक आम्लता उतरते. आम्लता उतरली की शौचातली पाचक द्रव्ये, म्हणजे प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ पचवणारी विकरे, अधिक जोमाने काम करू लागतात आणि ती बाळाच्या त्वचेवरच चालतात. डायपर रॅशचा बहुतांश भाग म्हणजे एवढेच. तो जंतुसंसर्ग नाही, ‘उष्णता’ नाही, आईच्या खाण्यातली चूक नाही. जुलाब झाले की तो वाढतो, प्रतिजैविके दिली की वाढतो, वरचे अन्न सुरू झाले की वाढतो. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शौचाची आम्लता अधिक असते, त्यामुळे त्यांना तो तुलनेने कमी होतो.

कारण असे असेल तर उपायही त्याच दिशेचा हवा. त्वचा आणि मळ यांच्यामध्ये एक पडदा उभा करायचा आणि त्वचेला स्वतःच सावरण्यास अवधी द्यायचा. झिंक ऑक्साइडचे घट्ट मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली हे काम करते. यांत रोग मारणारे काही नाही, आणि तेच त्यांचे बलस्थान आहे. त्वचेत शिरून काही करावे अशी अपेक्षाच नसल्यामुळे रोज लावले तरी बिघडत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घ्यायला हरकत नसलेली मलमे ती हीच. नळी निवडताना सुगंध, रंग, कापूर, मेंथॉल, ‘वेदनाशामक’ असले काही नसलेले आणि घटकांची यादी जितकी आखूड तितके ते बरे, एवढी कसोटी पुरते.

लावण्याची रीत मात्र अनेक घरांत चुकते. दुधावरच्या सायीसारखा पातळ हात फिरवून भागत नाही. भाकरीवर लोण्याचा गोळा पसरावा तसा जाडसर थर हवा, खालची त्वचा दिसता कामा नये. त्याआधी कोमट पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपून घ्यावे, पुसू नये. पुढच्या वेळी डायपर बदलताना आधीचे सगळे मलम खरवडून काढण्याचा अट्टहास करू नये. वरचा मळलेला थर तेवढा काढावा आणि पुन्हा लावावे. अगदीच काढायचे झाल्यास कापसाच्या बोळ्यावर थोडे खोबरेल तेल घ्यावे. चट्टा घासघासून स्वच्छ करणाऱ्या हातांनीच तो चिघळतो. शी झाली की लगेच, एरवी दोन-तीन तासांनी डायपर बदलावा, आणि दिवसातून काही वेळ बाळाला उघडे ठेवावे. आजीच्या काळी बाळ अर्धा दिवस उघडेच असे, तेव्हा हा उपचार कोणी सांगावा लागत नव्हता.

आता दुसरी नळी. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही स्टेरॉइडांची नावे. बहुधा त्यांच्या जोडीला क्लोट्रिमॅझोल किंवा मिकोनॅझोल हे बुरशीनाशक आणि निओमायसिन किंवा जेंटामायसिन हे प्रतिजैविक. औषधांच्या व्यवहारात याला संयोग म्हणतात. चट्टा कशाचा आहे हे न पाहता सगळ्यावर एकाच वेळी नेम धरायचा, असे या संयोगाचे तत्त्व. आणि पहिल्या दोन दिवसांत तो कमालीचा गुणकारी भासतो, कारण स्टेरॉइड लाली आणि दाह झटकन उतरवते. दुकानदाराची पत वाढते, शेजारणीला सल्ला मिळतो, नळीचे नाव घरोघर पसरते. थांबवले की चट्टा परत येतो, मग पुन्हा तीच नळी. बाळाचा पहिला वाढदिवस येईपर्यंत तीन-चार नळ्या सहज संपतात.

मोठ्यांच्या कोपरावर लावलेले स्टेरॉइड आणि बाळाच्या जांघेत लावलेले स्टेरॉइड यांत मूलभूत फरक आहे. फेल्डमन आणि मायबाख या अमेरिकी संशोधकांनी १९६७ मध्ये प्रौढ पुरुषांवर मोजणी करून दाखवले की हायड्रोकॉर्टिसोन हाताच्या पुढच्या भागातून जितके शोषले जाते त्याच्या सुमारे ४२ पट वृषणाच्या त्वचेतून शोषले जाते. हे धडधाकट त्वचेचे. चट्टा आलेल्या त्वचेचा पडदा आधीच फाटलेला असतो. त्यावर डायपर चढवला की जणू मलम लावून वरून प्लास्टिक गुंडाळल्यासारखे होते. त्वचारोगतज्ज्ञ औषध खोल शिरावे म्हणून जी युक्ती मुद्दाम वापरतात, ती येथे आपोआप घडते. शिवाय वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्यांपेक्षा पुष्कळ अधिक असते. या चारही गोष्टींचा गुणाकार झाला की बाहेरून लावलेले मलम पोटात घेतलेल्या औषधासारखे वागू लागते.

मग शरीर स्वतःचे कॉर्टिसोल बनवणे कमी करते. चेहरा गोल होतो, गाल सुटतात, वजन वाढते पण उंची खुंटते, अंगावर लव दाट होते. वैद्यकात याला कुशिंग सिंड्रोम म्हणतात, आणि डायपरखालील स्टेरॉइड मलमातून तो झालेल्या बाळांच्या नोंदी भारतासह अनेक देशांच्या वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. जागेवरची त्वचा पातळ होते, कधी तांबूस-जांभळ्या गाठी उठतात. बुरशी असेल तर ती दबते, मरत नाही. डॉक्टर कधी सौम्य हायड्रोकॉर्टिसोन दोन-चार दिवसांसाठी लिहून देतात, ते योग्यच असते. स्टेरॉइड हे शत्रू नाही. ते काउंटरवरून मनाने घेण्याची वस्तू नाही, एवढाच मुद्दा आहे.

येथे कायदा काय म्हणतो ते पाहू. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४०चा, त्याखालील नियम १९४५चे. चिठ्ठीविना विकू नयेत अशा औषधांची यादी म्हणजे अनुसूची ‘एच’. पण अनेक वर्षे या अनुसूचीतल्याच काही स्टेरॉइडांना, ती बाह्य वापरासाठी असतील तर, सूट होती. गोळी घ्यायची तर चिठ्ठी, मलम घ्यायचे तर नको. त्वचेतून औषध आत जात नाही अशा समजुतीवर उभी असलेली ही सूट काढून घ्यावी यासाठी त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने दीर्घकाळ पाठपुरावा केला. अखेर मार्च २०१८ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून अशा १४ स्टेरॉइडांची सूट रद्द केली. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ निश्चित मात्रेच्या संयोगांवर बंदी आली. त्यांत त्वचेच्या मलमांचे काही संयोगही होते.

म्हणजे गेली काही वर्षे कायदा पालकांच्या बाजूचा आहे. दुकानातले वास्तव मात्र फारसे हललेले नाही. संयोग बंद झाला की घटक जरासा बदलून नवा संयोग येतो, नाव तेच राहते, मागे ‘प्लस’, ‘एनएफ’ किंवा असलेच एखादे शेपूट लागते. ग्राहक नाव ओळखतो, घटक नाही. चिठ्ठी मागणारा दुकानदार गिऱ्हाईक गमावतो, कारण शेजारचा मागत नाही. आणि वेष्टनावर डाव्या बाजूला छापलेली तांबडी उभी रेघ व चिठ्ठीशिवाय विक्री करू नये ही सूचना एवढ्या बारीक इंग्रजीत असते की रात्री दहा वाजता रडणारे बाळ कडेवर घेऊन आलेल्या बापाने ती वाचावी, ही अपेक्षा करणेच क्रूरपणाचे आहे. इंदूरच्या घरात हिंदी किंवा मराठी बोलली जाते, आपल्याकडे कोकणी किंवा मराठी. औषधाच्या नळीला यांतली एकही भाषा येत नाही. बिस्किटाच्या पुड्याची जाहिरात पाच भाषांत करणाऱ्या देशात ‘हे स्टेरॉइड आहे, बाळाच्या डायपरखाली लावू नये’ ही दोन वाक्ये स्थानिक भाषेत छापणे अशक्य आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही.

गोंधळाचे मूळ आणखी खोल आहे. कशाला चिठ्ठी लागते याची यादी आपल्या कायद्यात आहे. कशाला लागत नाही, याची सर्वंकष यादी नाही. ‘ओव्हर द काउंटर’ हा शब्द जाहिरातीत सर्रास येतो, कायद्यात त्याची व्याख्या नाही. जे अनुसूची ‘एच’ वा तत्सम याद्यांत नाही, ते खुले मानायचे, असा हा उरलेल्याचा हिशेब आहे. जवळ जाणारी एकच तरतूद म्हणजे अनुसूची ‘के’मधील घरगुती औषधांची नोंद. हजारापर्यंत लोकवस्तीच्या गावांत काही औषधे परवान्याविना विकण्याची मुभा तीत आहे. त्या यादीत बाळांसाठीचे ग्राइप वॉटर आहे, खोकल्याची सिरपे आहेत आणि ‘त्वचेची मलमे’ही आहेत. ‘एच’मधील घटक त्यांत नसावा, ही अट अर्थातच आहे. पण ज्या दुकानात शिक्षित औषधविक्रेता नाही, तेथे ही अट कोण तपासणार? छिंदवाड्यानंतर यातल्या सिरपांची सवलत काढून घेण्याचा विषय दिल्लीत ऐरणीवर आला. मलमांविषयी तशी चर्चा ऐकू आली नाही. आपल्याकडे औषधांच्या नियमनाला बहुधा मृत्यूच्या पावलांनी यावे लागते, हे त्यातले कटू सत्य.

मे २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १६ औषधे चिठ्ठीविना विकता यावीत असा मसुदा काढला होता. त्यांत पॅरासिटामॉल होते, कॅलामाइन लोशन होते आणि क्लोट्रिमॅझोलचे मलमही होते. मसुद्यात दोन शहाणपणाच्या अटी होत्या. वापर पाच दिवसांपलीकडे नको आणि पुडकेही पाच दिवसांना पुरेल एवढेच असावे. या दुसऱ्या अटीचे महत्त्व लक्षात घ्यावे. आज १५ किंवा २० ग्रॅमची नळी घरात आली की ती संपेपर्यंत वापरली जाते, आणि उरली तर पुढच्या बाळासाठी कपाटात ठेवली जाते. पाच दिवसांची लहान नळी असती तर आपोआप थांबा मिळाला असता. मसुद्याला वर्षे लोटली, यादी कायद्यात उतरलेली नाही. काहींना अशी यादी म्हणजे औषधविक्रीला मोकळे रान वाटते. मला उलटे वाटते. खुल्या वस्तूंची फळी एकदा स्पष्ट आखली की तिच्याबाहेरची वस्तू चिठ्ठीविना देणाऱ्याला ‘आम्हाला वाटले साधेच मलम आहे’ असे म्हणता येणार नाही.

काउंटरवरच्या सल्ल्याची व्याप्ती किती, याची कल्पना मोठ्यांच्या चेहऱ्यांनी पूर्वीच दिली आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातील १२ केंद्रांवर केलेल्या पाहणीत चेहऱ्याच्या त्वचाविकाराच्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइड मलम लावत होते. त्यांतील २५७ जणांना ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवले होते. त्यानंतरच्या दशकात गजकर्णाने देशभर जे थैमान घातले, त्यामागे हेच त्रिसंयोगी मलम असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. औषधाला न जुमानणाऱ्या त्या बुरशीला २०२० मध्ये नाव मिळाले तेच ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए, भारताच्या नावाचे. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमध्येही आढळली. घरातल्या मोठ्यांच्या जांघेतले गजकर्ण आणि बाळाचा चट्टा यांच्यासाठी एकच नळी वापरणारी घरे आहेत, हे कोणताही औषधविक्रेता खासगीत मान्य करील.

बाळाच्या त्वचेवरून आत जाणाऱ्या विषाची उदाहरणे जगात जुनी आहेत. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये ‘तालक मोरांज’ या बाळाच्या पावडरीत कारखान्यातल्या चुकीने हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक भलत्याच प्रमाणात मिसळले गेले. २०४ मुले आजारी पडली, ३६ दगावली. तेथे कोणी काही पाजले नव्हते, केवळ शिंपडले होते. आपल्याकडे कॅरमच्या पटावर टाकतात ती बोरिक पावडर एके काळी पाश्चात्त्य देशांत बाळाच्या चट्ट्यावर सर्रास वापरली जाई. सोललेल्या त्वचेतून ती रक्तात जाऊन उलट्या, झटके आणि मृत्यू झाल्याच्या नोंदींनंतरच ती प्रथा मोडली. आपल्या काही घरांत ती अजून ‘कोरडे ठेवते’ म्हणून लावली जाते. ती लावू नये. पावडरीची सवय तशीही सोडण्याजोगीच आहे. बाळाच्या श्वासात तिचे कण जातात आणि जांघेच्या घडीत तिचे ओले गोळे बसून घर्षण वाढते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंड कारखान्याचा बेबी पावडरचा परवाना रद्द केला, तो पुणे व नाशिक येथील नमुन्यांची आम्लता प्रमाणात नसल्याच्या कारणावरून. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द ठरवली. न्यायालयीन निकाल काहीही असो, बाळाच्या त्वचेसाठी आम्लतेचा आकडा महत्त्वाचा असतो, हे त्या निमित्ताने सामान्यांपर्यंत पोचले.

‘नैसर्गिक’ आणि ‘आयुर्वेदिक’ या शब्दांनीही सावध राहावे. बाळाच्या मलमांपैकी काही सौंदर्यप्रसाधन म्हणून, काही आयुर्वेदिक औषध म्हणून, तर काही ॲलोपॅथिक औषध म्हणून बाजारात येतात. तिघांचे नियम वेगळे, फळी एक. वनस्पतीचे चित्र असले की आत सुगंधी तेले नसतील असे नाही, आणि नाजूक त्वचेला ती चुरचुरतात. त्या मानाने आजीचे शुद्ध खोबरेल निष्पाप म्हणावे लागेल. त्याचा थर झिंकइतका टिकत नाही, पण त्याने अपायही सहसा होत नाही. हळद, चंदन, वेखंड मात्र सोललेल्या त्वचेवर नको.

गोव्याने इंदूरच्या या चर्चेत का पडावे? कारण आपले हवामान या चट्ट्याला इंदूरपेक्षा अधिक अनुकूल आहे. माळव्याचा उन्हाळा कोरडा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दोरीवरचे लंगोट वाळत नाहीत. अर्धओले लंगोट आणि न निघालेला साबण दोन्ही त्वचेला बोचतात, म्हणून नोकरी करणारी आई डायपरकडे वळते. तिला दोष देणे सोपे आहे, पण चांगला शोषक डायपर वेळेवर बदलला तर ओल्या लंगोटापेक्षा तो त्वचेला सुखकरच असतो. दमट हवेत खरी भर पडते ती कॅन्डिडा बुरशीची. साधा चट्टा फुगीर भागावर येतो, घड्या सुटतात. बुरशीचा चट्टा घडीतच गडद लाल होतो आणि त्याच्या कडेला सुटे लाल ठिपके पसरतात. तोंडात पांढरा थर असेल तर शंका पक्की. त्याला बुरशीनाशक हवे, पण निव्वळ बुरशीनाशक, स्टेरॉइड मिसळलेले नव्हे. आणि तेही डॉक्टरांना दाखवून.

दुसरे कारण प्रशासकीय. औषधनिर्मितीत गोव्याचे नाव मोठे आहे, वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांतून औषधे देशोदेशी जातात. राज्य लहान, फार्मसींची संख्या आवाक्यातली. गोव्याचेच सुपुत्र, माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००३ मध्ये औषध नियमनाविषयी दिलेल्या अहवालात दर दोनशे विक्री दुकानांमागे एक औषध निरीक्षक असावा, अशी शिफारस केली होती. मध्य प्रदेशासारख्या अवाढव्य राज्याला ते प्रमाण गाठणे कठीण, हे समजू शकते. गोव्याला ती सबब नाही. स्टेरॉइडयुक्त मलमांची फळी वेगळी करा, ग्राहकाच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा आणि बाळासाठी मागितल्यास चिठ्ठी पाहा, एवढे परिपत्रक काढून त्याची तपासणी करायला नव्या कायद्याची गरज नाही. पणजीत गृहसंकुलांतल्या कचऱ्याचे सोळा प्रकारे वर्गीकरण करून दाखवणाऱ्यांना औषधाच्या फळीचे दोन प्रकार करणे जड जाऊ नये.

तोवर काउंटरच्या या बाजूला उभ्या असलेल्यांनी काय करावे? नळीचे नाव न मागता घटक मागावा: ‘फक्त झिंक ऑक्साइड, स्टेरॉइड नको.’ मग वेष्टन उलटून पाहावे. तांबडी रेघ दिसली तर ती नळी परत करावी. घटकाच्या नावाच्या शेवटी ‘सोन’, ‘सोलोन’ किंवा ‘टासॉल’ आले तर ते बहुधा स्टेरॉइड. ‘नॅझोल’ वा ‘मॅझोल’ आले तर बुरशीनाशक. एकाच नळीत दोन्ही दिसली तर ती बाळासाठी नाहीच. शेजारच्या बाळाला गुण आलेली नळी आणि कपाटातली जुनी अर्धी नळी, दोन्हींना हात लावू नये.

साधे मलम लावूनही दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, पू, फोड किंवा रक्त दिसले, ताप आला, चट्टा डायपरच्या हद्दीबाहेर गेला, किंवा बाळ महिन्याच्या आतले असेल तर डॉक्टरकडे जावे. जांघेबरोबर तोंडाभोवती आणि हातापायांवरही तसाच चट्टा असेल, जुलाब असतील, वजन वाढत नसेल तर शरीरातच झिंक कमी असण्याचा एक विकार संभवतो. त्याला बाहेरून लावलेले झिंक पुरत नाही.

आणि ज्या घरात स्टेरॉइडची नळी आठवड्यांमागून आठवडे आधीच लावून झाली आहे, तेथे हा लेख वाचून ती आज रात्री कचऱ्यात फेकून देऊ नये. शरीराने स्वतःचे कॉर्टिसोल बनवणे कमी केलेले असेल तर मलम एकाएकी थांबवल्यावर ताप, उलट्या किंवा साध्या आजारातही बाळ अचानक गळून जाऊ शकते. नळी वेष्टनासह सोबत घ्यावी, किती दिवस व दिवसातून किती वेळा लावली ते कागदावर लिहावे आणि बालरोगतज्ज्ञांसमोर ठेवावे. मलम कसे आणि किती दिवसांत उतरवायचे, रक्ततपासणी लागेल का, हे ते ठरवतील. बाळ सुस्त असेल, पीत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये.